शाळेविना लेखिका : काशीबाई कानिटकर

स्मरणिकेसाठी लेख मागावयास उस्मानपुऱ्यात घरोघर गेले की बहुतेक भगिनींचे उत्तर ठरलेले असते. आपल्याला लिहिता येत नाही, शुद्धलेखन कच्चे आहे, आणि लिहिलेच तर ते छापणार कोण? अशा भगिनींना काशीबाई कानिटकरांचे चरित्र अवश्य ठाऊक असावे. मराठीतील आरंभीच्या लेखिकांत त्यांची गणना होते. परंतु शाळेची पायरी त्या कधी चढल्या नाहीत.

काशीबाईंचा जन्म २० जानेवारी १८६१ रोजी सांगलीजवळ आष्टे येथे बापटांच्या घरी झाला. नवव्या वर्षी गोविंद वासुदेव कानिटकर यांच्याशी त्यांचे लग्न झाले. गोविंदराव कवी व ग्रंथप्रेमी. पत्नीने शिकावे अशी त्यांची फार इच्छा. मात्र सुनेच्या हातात पुस्तक दिसणे वडीलधाऱ्यांना रुचण्याचा तो काळ नव्हता. घरातील कामे उरकून, माणसांच्या नजरा चुकवून काशीबाईंनी वाचनाची सवय केली. अडेल तेथे थांबायचे, पुन्हा वाचायचे, अर्थ लागेपर्यंत सोडायचे नाही. हीच त्यांची शाळा. मराठी पक्के झाल्यावर इंग्रजी पुस्तकांचीही त्यांनी ओळख करून घेतली.

वाचता वाचता लिहावेसे वाटू लागले. आरंभ त्यांनी मोठ्या ग्रंथाने केला नाही. जुन्या व नव्या काळच्या स्त्रियांची तुलना करणारा त्यांचा छोटासा निबंध ‘सुबोधपत्रिके’त छापून आला. विषय घरातलाच, रोज डोळ्यांसमोरचा! आपल्याला पुरते माहीत आहे तेच आधी लिहावे, हा पाठ येथे मिळतो.

दुसरा पाठ आहे तो परिश्रमाचा. डॉ. आनंदीबाई जोशी १८८७ साली अकाली वारल्या. काशीबाईंनी त्यांची पत्रे व माहिती मिळवून त्यांचे चरित्र लिहिले आणि १८८९ साली ते प्रसिद्धही झाले. नुसत्या स्तुतीवर न विसंबता पत्रांचा आधार घेतल्यामुळे आनंदीबाईंविषयी लिहिणाऱ्यांना आजही त्या पुस्तकाकडे वळावे लागते. त्याच वर्षी ‘शेवट तर गोड झाला’ हे त्यांचे गोष्टींचे पुस्तकही निघाले.

लेखकाला मोकळेपणाने बोलणारे माणूस लागते. घरात गोविंदराव होतेच. शिवाय कादंबरीकार हरि नारायण आपटे यांच्याशी काशीबाईंचा दीर्घकाळ पत्रव्यवहार होता. परपुरुषाशी वाङ्मयाविषयी बोलणे म्हणजे त्या काळी केवढे धाडस! हरिभाऊ वयाने तीन वर्षांनी लहान. परंतु वयाचा वा मानाचा प्रश्न त्यांनी आड येऊ दिला नाही.

तिसरा पाठ धीराचा. ‘रंगराव’ ही त्यांची कादंबरी १८८६पासून ‘मनोरंजन आणि निबंधचंद्रिका’ मासिकातून येऊ लागली. ती पुस्तकरूपाने निघाली १९०३ साली! मध्ये सतरा वर्षे गेली. १९१८ साली गोविंदराव वारले. घरातला पहिला वाचक गेला, तरी लेखणी खाली ठेवली नाही. ‘चांदण्यातील गप्पा’ १९२१ साली, ‘शिळोप्याच्या गोष्टी’ १९२३ साली आणि ‘पालखीचा गोंडा’ ही कादंबरी १९२८ साली प्रसिद्ध झाली. त्या वेळी त्यांचे वय होते सदुसष्ट!

१९४८ साली काशीबाई निवर्तल्या. त्यांनी लिहून ठेवलेले आत्मचरित्र छापलेले पाहणे मात्र त्यांच्या नशिबी नव्हते. सुमारे तीस वर्षांनी सरोजिनी वैद्य यांनी ते संपादून प्रकाशात आणले. कागद जपून ठेवले होते, म्हणूनच ते आपल्यापर्यंत पोचले.

भगिनींनो, आज पुस्तक हाती घेण्यास कोणाची चोरी नाही. आपल्याच शहरात १९४३ साली स्थापन झालेली मराठवाडा साहित्य परिषद आहे, ग्रंथालये आहेत, आणि आपली ही स्मरणिकाही आहे. आजीने सांगितलेली हकिकत, स्वयंपाकघरातला एखादा अनुभव, पहिल्या नोकरीचा दिवस, काहीही चालेल. दोन पाने लिहावी, शेजारणीस वाचून दाखवावी, ती अडखळेल ते वाक्य पुन्हा लिहावे. पुढच्या वर्षी लेख मागावयास येऊ, तेव्हा तेवढी दोन पाने तयार असावीत, एवढीच विनंती.