जातीच्या उगमाचा शोध आणि ज्ञानकोशकार केतकर

जातिसंस्था कोठून आली, हा प्रश्न महाराष्ट्रात गेली दीडशे वर्षे वादाचा विषय झालेला आहे. हा वाद केवळ विद्वानांचा आहे, असे मानण्याचे कारण नाही. उगमाविषयीचे जे उत्तर आपण स्वीकारतो, त्यावरच जात नाहीशी करण्याचा उपाय अवलंबून राहतो. जात वंशातून आली असे मानले, तर ती निसर्गाचीच योजना ठरते. ती धंद्यातून आली असे मानले, तर धंदे बदलताच ती मोडली पाहिजे. आणि ती धर्माज्ञेतून आली असे मानले, तर आज्ञा नाकारणे पुरेसे ठरावे. या तिन्ही उत्तरांपलीकडे जाऊन ज्यांनी प्रश्नच नव्याने मांडला, त्यांत डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांची गणना करावी लागेल. मराठी वाचक त्यांना ज्ञानकोशकार म्हणून ओळखतो. परंतु ज्ञानकोशापूर्वी दहा वर्षे त्यांनी जातीवर लिहिलेला प्रबंध बहुतेकांच्या विस्मरणात गेला आहे.

केतकरांचा जन्म २ फेब्रुवारी १८८४ रोजी रायपूर येथे झाला. शालेय शिक्षण अमरावतीस आणि पुढील शिक्षण मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात घेऊन १९०६ मध्ये ते अमेरिकेस गेले व कॉर्नेल विद्यापीठात दाखल झाले. त्या काळी हिंदुस्थानातील जातींविषयी अधिकारवाणीने बोलणारे बहुतेक लोक इंग्रज अधिकारी होते. नेसफिल्ड यांनी १८८५ मध्ये जातीचे मूळ व्यवसायात शोधले होते. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त रिस्ले यांनी तर नाकाची रुंदी मोजून जातीची पायरी ठरविण्याचा प्रयत्न चालविला होता. आर्यांनी अनार्यांना जिंकले आणि त्या जयापजयातून जाती निर्माण झाल्या, हा सिद्धांत सर्वत्र मान्यता पावत होता. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ च्या ‘गुलामगिरी’त हाच सिद्धांत उलटा फिरवून जित ठरविलेल्या शूद्रातिशूद्रांच्या हाती शस्त्र म्हणून दिला होता. त्यामागील न्यायाची तळमळ निर्विवाद होती. मात्र जेते आणि जित हे दोन भिन्न वंश होते, हे गृहीतक दोन्ही बाजूंना समानच होते.

वंशाकडून विवाहाकडे

१९०९ मध्ये केतकरांच्या ‘हिंदुस्थानातील जातींचा इतिहास’ या इंग्रजी ग्रंथाचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. त्यांनी मनुस्मृती धर्मग्रंथ म्हणून वाचली नाही. तिच्याकडे त्यांनी आपल्या काळाची साक्ष देणारा एक दस्तऐवज म्हणून पाहिले. नृवंशशास्त्रातील मूलभूत दोषांवर स्वतंत्र परिशिष्ट जोडून त्यांनी कवट्या-नाकांच्या मापांवर उभारलेल्या सिद्धांतांना उघड आव्हान दिले. ज्या शास्त्राला त्या वेळी युरोप-अमेरिकेत मोठी प्रतिष्ठा होती, त्याच्याविरुद्ध पंचवीस वर्षांच्या हिंदी विद्यार्थ्याने परदेशी विद्यापीठात उभे राहावे, यास धैर्य लागले असले पाहिजे.

जातीची त्यांनी केलेली व्याख्या साधी होती. सभासदत्व जन्मानेच मिळते आणि गटाबाहेर विवाह करण्यास समाजाचा कठोर निर्बंध असतो, अशा गटास त्यांनी जात म्हटले. जात आणि पोटजात हे शब्द सापेक्ष आहेत, मोठ्या वर्तुळात लहान वर्तुळ असावे तशी त्यांची रचना आहे, हेही त्यांनी दाखविले. या वर्तुळांची उच्चनीचता पवित्र-अपवित्राच्या कल्पनेवर तोललेली आहे, हा विचार त्यांच्या विवेचनात मध्यवर्ती होता. पुढे १९६६ मध्ये फ्रेंच समाजशास्त्रज्ञ लुई ड्यूमाँ यांनी याच कल्पनेवर आपला प्रसिद्ध सिद्धांत उभारला.

९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात तरुण भीमराव आंबेडकरांनी जातींच्या उगमावर निबंध वाचला, तेव्हा पूर्वसूरींत केतकरांची दखल त्यांनी आदराने घेतली. परंतु त्यांनी केतकरांना दुरुस्तही केले. जन्मसिद्ध सभासदत्व आणि बाहेर विवाहबंदी ही दोन लक्षणे नसून एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत, असे त्यांनी दाखविले. गटांतर्गत विवाह टिकविण्यासाठीच सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या रूढी उभ्या राहिल्या; प्रथम पुरोहितवर्गाने स्वतःस कोंडून घेतले आणि इतरांनी त्याचे अनुकरण केले, ही त्यांची मांडणी होती. जातीचे ओझे स्त्रीच्या देहावर कसे लादले गेले, हे केतकरांच्या व्याख्येत न दिसलेले सत्य आंबेडकरांनी उघड केले.

सिद्धांत आणि संसार

लंडनमार्गे १९१२ मध्ये केतकर मायदेशी परतले. काही काळ कलकत्ता विद्यापीठात त्यांनी अध्यापन केले आणि १९१४ मध्ये भारतीय अर्थशास्त्रावर एक ग्रंथही लिहिला. पुढे नागपुरास भागभांडवलाची कंपनी काढून त्यांनी ज्ञानकोशाचा संकल्प सोडला. सरकारी आश्रयाची वाट न पाहता भागधारक आणि वर्गणीदार मिळवून, गावोगाव फिरून, त्यांनी तेवीस खंडांचे हे काम १९२० ते १९२९ या काळात पुण्यास तडीस नेले.

लंडनमध्ये परिचय झालेल्या ईडिथ कोहन या जर्मन ज्यू विदुषीशी त्यांनी १९२० मध्ये विवाह केला. व्रात्यस्तोम विधीने त्यांना हिंदू समाजात घेण्यात आले आणि त्या शीलवती केतकर झाल्या. जन्माशिवाय जातीत प्रवेश नाही, असे ज्याने व्याख्येत नोंदविले होते, त्यानेच आपल्या घराचे दार बाहेरून येणाऱ्यास उघडले. आईच्या घराण्यामुळे समाजात पूर्ण स्वीकार न होणाऱ्या कालिंदीची कथा त्यांनी ‘ब्राह्मणकन्या’ या कादंबरीत सांगितली, तीही याच प्रश्नाच्या ओढीने. १९३१ च्या हैदराबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना लाभले. द्रव्य मात्र लाभले नाही. १० एप्रिल १९३७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले, ते आर्थिक ओढाताणीतच.

उणीव आणि साक्ष

केतकरांच्या विवेचनात उणीव नव्हती असे नाही. ग्रंथातील साक्ष तपासताना जमीन, वतन आणि बलुत्याचा हिशेब त्यांच्या नजरेतून निसटला. पवित्र-अपवित्राची कल्पना सर्वांनीच मानली, असे म्हटल्याने ती कोणाच्या हिताची होती आणि कोणाच्या श्रमावर उभी होती, हा प्रश्न मागे पडतो. फुले यांनी नेमका तोच प्रश्न विचारला होता. वंशाचा सिद्धांत चुकला म्हणून फुले यांची तक्रार खोटी ठरत नाही.

तथापि विवाह हाच जातीचा कणा आहे, या निष्कर्षास पुढील काळाने दुजोराच दिला. हैदराबादच्या पेशी व रेणूजीवशास्त्र केंद्रातील आणि हार्वर्डमधील शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात या देशातील लोकसमूह मोठ्या प्रमाणावर परस्परांत मिसळले आणि त्यानंतर ही मिसळण विरळ होत गेली. मनुस्मृती केतकरांनी इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातील मानली. आज अनेक अभ्यासक ती दुसऱ्या शतकाच्या आसपासची मानतात. रक्त वेगळे होते म्हणून जाती झाल्या नाहीत. जातींनी दारे लावून घेतली म्हणून रक्ताची सरमिसळ थांबली, असाच याचा अर्थ लावावा लागतो.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने याची साक्ष बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात सहज मिळते. नीरा डाव्या कालव्याचे पाणी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येथे आले. ऊस आला, साखर कारखाने आले, पुढे औद्योगिक वसाहत आली. जळोचीसारखे बारामतीला खेटून असलेले गाव शहरात मिसळून गेले. बलुतेदारी मोडली, सुताराचा मुलगा कारकून झाला आणि शेतकऱ्याची मुलगी शिक्षिका झाली. जातीचे मूळ धंद्यात असते, तर अशा प्रदेशात ती केव्हाच क्षीण व्हावयास हवी होती. पण सोयरीक जुळविताना विचारला जाणारा पहिला प्रश्न बदललेला नाही. २०११-१२ च्या राष्ट्रीय पाहणीत देशभरातील आंतरजातीय विवाहांचे प्रमाण अवघे पाच टक्क्यांच्या आसपास आढळले, यावरून हे चित्र एका तालुक्यापुरते नाही हे स्पष्ट व्हावे.

उगमाचा वाद चालू राहील आणि तो चालावाही. परंतु जात हजारो वर्षांपूर्वी एकदा निर्माण झाली आणि तिचे ओझे आपण निरुपायाने वाहत आहोत, ही समजूत सोयीची असली तरी खरी नाही. प्रत्येक पिढी आपल्या लग्नमांडवात ती नव्याने निर्माण करीत असते. मनूला दोष देणारे आणि मनूचे समर्थन करणारे, हे दोघेही मुलांच्या पत्रिका जातीतच पाहत असतील, तर त्या वादाला अर्थ उरत नाही. केतकरांनी आपला निष्कर्ष ग्रंथात मांडला आणि आपल्या संसारात पाळला. त्यांच्या विद्वत्तेचे कौतुक करणाऱ्या सुशिक्षित महाराष्ट्राला ही दुसरी गोष्ट अद्याप जमलेली नाही.