मेजर रॉबर्ट गिल : अजिंठ्याच्या दरीतला कॅमेरा

पावसाळा संपला की शाळेच्या पायी सहली सुरू होतात. किल्ला, लेणी, जुनं देऊळ, एखादी टेकडी. आता जवळजवळ प्रत्येक पालकाच्या खिशात कॅमेरा असतो. एका सहलीचे दोन-तीनशे फोटो सहज निघतात आणि आठवडाभरात कुठेतरी हरवूनही जातात. म्हणूनच ज्या माणसाने आयुष्याची तीसहून अधिक वर्षं एकाच दरीतली लेणी रंगवण्यात आणि टिपण्यात घालवली, त्याची गोष्ट मुलांना सांगायला हवी. त्या माणसाचं नाव मेजर रॉबर्ट गिल.

सैनिक ते चित्रकार

रॉबर्ट गिल यांचा जन्म 1804 मध्ये इंग्लंडमध्ये झाला. तरुणपणी ते ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास सैन्यात भरती होऊन भारतात आले. नोकरी शिपाईगिरीची, पण हाताला चित्रकलेचं चांगलं वळण होतं. शिकारीचाही त्यांना भारी नाद.

त्याआधी 1819 मध्ये जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला वाघोरा नदीच्या दरीत अजिंठ्याची लेणी दिसली होती. आसपासच्या गावकऱ्यांना ती आधीपासून ठाऊक होतीच, बाहेरच्या जगाला मात्र तेव्हा कळली. पुढे जेम्स फर्ग्युसन या अभ्यासकाने ती पाहिली आणि 1843 मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे कळकळीनं मांडलं, की ही चित्रं झपाट्याने नष्ट होत आहेत. ओल, वटवाघळं, धूर आणि रंगाचे पापुद्रे खरवडून नेणारे प्रवासी, अशी चहूबाजूंनी संकटं होती. निदान चित्रांच्या नकला तरी करून ठेवा, असं त्यांचं म्हणणं होतं. कंपनीने ते मान्य केलं आणि 1844 मध्ये हे काम गिल यांच्यावर सोपवलं.

दरीतलं आयुष्य

गिल अजिंठा गावातल्या बारादरीत राहू लागले. गाव घाटाच्या वर आणि लेणी खाली, नदीच्या नालाकृती वळणावर. आजच्यासारखा डांबरी रस्ता नव्हता. घाटातून उतरायचं, लेण्यांत काम करायचं आणि पुन्हा वर यायचं. भोवती दाट जंगल, त्यात वाघ. पावसाळ्यात ताप ठरलेला.

लेण्यांच्या आत अंधार. दारातून येईल तेवढ्या उजेडात भिंतीवरची आकृती न्याहाळायची आणि मोठ्या कॅनव्हासवर तेलरंगात ती हुबेहूब उतरवायची. एकेका चित्राला कित्येक महिने लागत. अशी पंचवीस-तीस चित्रं त्यांनी लंडनला पाठवली.

इथल्या पारो नावाच्या स्त्रीशी त्यांचं नातं जुळलं होतं. तिची कबर आजही अजिंठा गावात आहे आणि तिच्यावर 23 मे 1856 ही तारीख कोरलेली आहे. ना. धों. महानोरांच्या 'अजिंठा' या दीर्घकवितेमुळे ही कहाणी मराठी घराघरांत पोहोचली. मुलांना सांगताना मात्र कवितेतली पारो कोणती आणि दगडावर लिहिलेली माहिती किती, हा फरक जरूर दाखवावा.

हातात कॅमेरा आला

1850 नंतर भारतात फोटोग्राफीचं वारं पसरलं. 1854 मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटीसुद्धा निघाली. त्याच दशकात गिल यांनीही कॅमेरा हाती घेतला.

तेव्हा फोटो काढायचा म्हणजे काय, हे आजच्या मुलांना ऐकूनच नवल वाटेल. काचेच्या तुकड्यावर चिकट द्रव पसरायचा, अंधाऱ्या तंबूत ती काच चांदीच्या क्षारात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि सुकायच्या आत पुन्हा तंबूत नेऊन धुवायची. सगळा खेळ दहा-पंधरा मिनिटांचा! ऊन कडक असलं तर त्याहूनही कमी. कॅमेरा, तिवई, काचा, बाटल्या, तंबू आणि पाणी, हे सगळं माणसांच्या डोक्यावरून किंवा जनावरांच्या पाठीवरून न्यावं लागे.

गिल यांच्या कॅमेऱ्याला दोन भिंगं होती, आपल्या दोन डोळ्यांसारखी थोड्या अंतरावर. त्यातून एकाच दृश्याची दोन चित्रं मिळत. ती खास दुर्बिणीसारख्या यंत्रातून पाहिली, की खांब पुढे आणि मूर्ती मागे अशी खोली दिसे. अजिंठ्याबरोबरच लोणारची देवळं आणि त्या मुलखातल्या इतर वास्तूही त्यांनी टिपल्या. 1864 मध्ये लंडनमध्ये फर्ग्युसन यांच्या मजकुरासह त्यांची दोन पुस्तकं निघाली. एकात 74 छायाचित्रं होती आणि दुसऱ्यात 100 जोडचित्रं.

पण एक अडचण होती. त्या वेळच्या काचेला सगळे रंग सारखे दिसत नसत. निळा पांढरट उमटे, तर तांबडा आणि पिवळा काळपट. अजिंठ्याच्या भिंतीवर तर गेरू आणि पिवळ्या मातीचंच राज्य! त्यामुळे खांब, कमानी आणि मूर्ती फोटोत छान येत, रंगचित्रं मात्र कुंचल्यानेच उतरवावी लागत. म्हणजे गिल यांना दोन्ही हवं होतं, कॅमेराही आणि कुंचलाही.

आग

त्यांची तेलचित्रं लंडनजवळच्या सिडनहॅम इथे, क्रिस्टल पॅलेस नावाच्या भव्य काचघरात मांडली होती. डिसेंबर 1866 मध्ये तिथे आग लागली आणि जवळजवळ सगळी चित्रं जळाली. वाचली ती बोटांवर मोजण्याइतकी. वीस वर्षांची मेहनत एका आगीत गेली.

छायाचित्रं मात्र वाचली. कारण साधं होतं. तेलचित्राची प्रत एकच होती आणि ती एकाच छपराखाली होती. छायाचित्रांच्या प्रती पुस्तकाच्या पानापानावर चिकटवून ठिकठिकाणी गेल्या होत्या. जळालेल्या चित्रांपैकी काहींची छोटी रेखाचित्रं एका इंग्रजी पुस्तकात आधीच छापली गेली होती, तेवढीच मागे राहिली.

गिल तेव्हा साठी ओलांडलेले होते. तरी त्यांनी अजिंठा सोडलं नाही, कामही सोडलं नाही. 1879 मध्ये त्यांचं निधन झालं. त्यांची कबर भुसावळला आहे.

पुढे 1872 पासून मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी अजिंठ्याच्या नव्याने नकला केल्या. दुर्दैव असं, की 1885 मध्ये लंडनमध्ये त्यातल्याही पुष्कळ आगीत गेल्या. ग्रिफिथ्स यांनी मग 1896-97 मध्ये मोठे ग्रंथ छापले, म्हणून ते काम आपल्यापर्यंत आलं. इथेही वाचलं ते छापलेलंच.

आपल्या मुलांसाठी

गिल यांच्या आयुष्यातून मुलांनी घ्यायची गोष्ट मला ही वाटते : नोंद करावी, आणि ती एकाच ठिकाणी ठेवू नये.

आपल्या भिवंडीजवळचं लोनाडच घ्या. टेकडीवर लेणं आहे, त्यात दगडात कोरलेला जातककथेचा पट आहे. आत आता खंडेश्वरी देवीचं स्थान आहे. गावात शिलाहारकाळातलं शिवमंदिर आहे, बरंचसं पडझड झालेलं. वारा-पाऊस दगड झिजवतोच. तालुक्यात गोदामं आणि रस्ते वाढतायत, टेकड्यांचं रूपही बदलतंय. आज दिसतं ते आपल्या नातवंडांना दिसेलच, याची खात्री कोण देणार?

पुढच्या पायी सहलीत एवढं करून पाहू या :

1. प्रत्येक गटाने फक्त दहा फोटो काढावेत. कुठला फोटो काढायचा हे आधी ठरवावं, मग काढावा.
2. सेल्फीआधी वास्तूचा एक पूर्ण फोटो घ्यावा. आकार कळावा म्हणून बाजूला एका मुलाला उभं करावं.
3. एक फोटो काढून फोन सहा-सात सेंटिमीटर बाजूला सरकवावा आणि दुसरा काढावा. झालं गिल यांच्यासारखं जोडचित्र!
4. प्रत्येक फोटोखाली ठिकाण, तारीख आणि दिशा लिहावी.
5. एका कोरीव आकृतीचं हाताने चित्र काढावं. डोळ्यांना जे चुकतं ते हाताला सापडतं.
6. फोटोंच्या तीन प्रती ठेवाव्यात : एक शाळेत छापील, एक संगणकावर आणि एक गावातल्या कुणाकडे तरी.

दगडाला हात लावायचा नाही, नाव कोरायचं नाही, हे निघण्याआधीच सांगावं. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात जॉन स्मिथने कोरलेलं नाव अजूनही आहे. एकाने भिंतीवर नाव कोरलं आणि एकाने भिंतीवरची चित्रं जगासाठी उतरवून ठेवली. आपण कुणासारखं व्हायचं, हे मुलं आपणहून सांगतील.