अल्-गझाली : प्रस्थान आणि प्रत्यागमन

सूफी म्हटले की मराठी अभ्यासकापुढे बहुधा कर्मठ शास्त्राविरुद्ध बंड पुकारणारा साधक उभा राहतो. भक्तिसंप्रदायाशी केलेल्या तुलनेतून ही प्रतिमा दृढ झाली असावी. इ. स. ९२२ मध्ये बगदादला देहदंड भोगणारा अल्-हल्लाज तिच्यात सहज बसतो. अबू हामिद अल्-गझाली बसत नाही. तो स्वतःच शास्त्री होता, आणि अखेरपर्यंत शास्त्रीच राहिला.

गझालीचा जन्म १०५८ मध्ये खुरासानातील तूस येथे झाला. वडील लवकर निवर्तले. त्यांनी मुलांना एका सूफी स्नेह्याच्या हाती सोपविले होते. पैसा संपल्यावर त्याने त्यांना मदरशात धाडले, असे परंपरा सांगते. पुढे निशापूरला अल्-जुवैनी या थोर आचार्यापाशी त्याचे अध्ययन झाले. सेल्जुक वजीर निझाम-उल्-मुल्क याने १०९१ मध्ये त्याला बगदादच्या निझामिया मदरशात प्रमुख अध्यापक नेमले, तेव्हा त्याने नुकतीच तिशी ओलांडली होती. तेथे आपल्यापुढे सुमारे ३०० विद्यार्थी बसत, असे त्याने स्वतःच नोंदविले आहे. 'तहाफुत अल्-फलासिफा' या ग्रंथात त्याने तत्त्वज्ञांच्या वीस मतांचे परीक्षण केले. तर्कशास्त्र त्याने टाकले नाही, ते खंडनासाठी वापरले, हे येथे लक्षात घ्यावयास हवे.

१०९५ च्या जुलैमध्ये त्याची वाणी खुंटली. वर्गात शब्द उमटेना, अन्न जाईना. वैद्यांनी हा रोग मनाचा ठरविला. आपली विद्वत्ता ईश्वरासाठी की कीर्तीसाठी, हा प्रश्न कित्येक महिने त्याला जाळीत होता, असे तो आत्मवृत्तात सांगतो. निझाम-उल्-मुल्क १०९२ मध्ये मारला गेला होता, पाठोपाठ सुलतान मलिकशाहही वारला आणि वारसांत कलह पेटला होता. म्हणून काही आधुनिक अभ्यासक त्याच्या प्रस्थानामागे भय पाहतात. राजकारणाचा दाब नाकारण्याचे कारण नाही. परंतु केवळ भयापोटी गेलेला मनुष्य पुढची दहा वर्षे ज्या कामात घालवितो, ते काम या तर्काने उलगडत नाही. नोव्हेंबरमध्ये मक्केला जातो असे सांगून तो निघाला आणि दमास्कसला पोहोचला. तेथून जेरुसलेम, हेब्रॉन, मग हज. हेब्रॉनला इब्राहिमच्या समाधीपाशी त्याने शपथ घेतली : राजदरबारी जावयाचे नाही, राजाचे धन घ्यावयाचे नाही, वादसभेत उतरावयाचे नाही.

'इह्या उलूम अद्-दीन' हा त्याचा महाग्रंथ या काळातला. त्याची चाळीस प्रकरणे चार विभागांत मांडलेली आहेत : उपासना, नित्याचे व्यवहार, नाशक दोष आणि तारक गुण. जेवण, विवाह, उपजीविका यांनाही त्यात स्वतंत्र प्रकरणे आहेत. शुद्धी आणि नमाज यांचे नियम तो शास्त्रानुसार सांगतो. लगेच त्या कृतीमागे अंतःकरणाची अवस्था कोणती असावी, हे विचारतो. सूफी मार्ग आणि शरीअत यांचा मेळ त्यानेच प्रथम घातला, हे विधान मात्र अतिशयोक्त आहे. अल्-मक्की आणि अल्-कुशैरी यांनी ती वाट आधीच आखली होती. मक्कीचे ऋण तर 'इह्या'त पानोपानी जाणवते. गझालीचे वेगळेपण असे की, निझामियाच्या आचार्याचा अधिकार त्याने त्या वाटेच्या पाठीशी उभा केला. हल्लाजसारख्यांचे उन्मनी उद्गार त्याने समजून घेतले, पण त्यांचा प्रसार मान्य केला नाही. तरीही शास्त्र्यांचा रोष चुकला नाही. केवळ फिक्ह जाणणाऱ्या पंडितांना त्याने ऐहिक विद्येचे जाणकार ठरविले होते, आणि त्याच्या हयातीतच, ११०९ मध्ये, अल्-मुराबित राजवटीत कॉर्डोव्हा येथे 'इह्या' जाळला गेला.

चरित्रकार प्रस्थानावर रेंगाळतात; मला प्रत्यागमन अधिक अवघड वाटते. ११०६ मध्ये निझाम-उल्-मुल्कचा पुत्र फख्र-उल्-मुल्क याच्या आग्रहावरून गझाली निशापूरच्या निझामियात पुन्हा शिकवू लागला. सरकारी पीठ स्वीकारणे हेब्रॉनच्या शपथेशी विसंगत होते. हिजरी सहावे शतक उंबरठ्यावर होते आणि प्रत्येक शतकारंभी धर्माचा पुनरुद्धारक येतो, अशी श्रद्धा होती. त्याने तिचा आधार घेतला. या समर्थनात अहंकाराचा अंश उरला नव्हता, असे कोण म्हणेल? पण एकांतात मिळालेला अनुभव समाजापर्यंत न्यावयाचा तर मदरशावाचून दुसरी वाट त्याला दिसली नसावी.

पुढे बगदादच्या पीठाचे निमंत्रण आले, ते त्याने नाकारले. तूसमध्ये घराशेजारी त्याने मदरसा आणि सूफींसाठी खानकाह, दोन्ही उभारले होते. डिसेंबर ११११ मध्ये तेथेच त्याचे निधन झाले.