डॉ. मेबल आरोळे

वेल्लोर येथे वैद्यकाचे शिक्षण घेतलेल्या डॉ. मेबल आरोळे १९६२ साली पती डॉ. रजनीकांत यांच्यासह अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील वडाळा येथील रुग्णालयात सेवा करू लागल्या. तेथे बरे होऊन गेलेले मूल त्याच आजाराने पुन्हा दारी येई. आजाराचे मूळ, म्हणजे दूषित पाणी व अपुरे अन्न, घरीच राहिलेले असे. ते रुग्णालयात बसून कसे उपटावे?

१९७० मध्ये उभयतांनी त्याच जिल्ह्यातील दुष्काळी जामखेड तालुक्यात कार्य आरंभिले. प्रथम पाठविलेल्या परिचारिकांना खेड्यांनी आपले मानले नाही. तेव्हा गावानेच निवडलेल्या स्त्रियांना शिकवावे, असे ठरले. त्यांतील कित्येक निरक्षर होत्या, कित्येक दलित. मेबलबाई त्यांना जवळ बसवून बाळंतपण करण्यास, बालकांचे वजन घेण्यास शिकवीत. डॉक्टर, परिचारिका व समाजसेवक यांचे पथक गावी येई, तेव्हा ही आरोग्यसेविका त्यांच्या बरोबरीने काम करी.

मोबदला अगदी अल्प. मग या स्त्रिया राबत कशासाठी? जिला उंबऱ्याबाहेर उभे करीत, तिलाच आता बाळंतिणीजवळ बोलावू लागले होते! हा मान तिला पैशाहून मोठा वाटे.

१९७९ साली आरोळे दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढे परदेशी डॉक्टर जामखेडला शिकावयास येत. त्यांना धडे देणाऱ्यांत या सेविकाही असत. मेबलबाई १९९९ साली निवर्तल्या.