कोलिसुरा आणि कर्नल साइक्स

उन्हाळ्यात पाने गळाली की आपल्या खानापूर, चंदगडकडच्या रानात ऐनाच्या किंवा बोरीच्या फांदीला लहान अंड्याएवढा एक टणक कोश देठाने लोंबताना कधी दिसतो. पावसाळा सुरू झाला की त्यातून वीतभर पंखांचा पतंग बाहेर पडतो. त्याच्या चारही पंखांवर काचेसारखे पारदर्शक ठिपके असतात. हाच तसर रेशमाचा पतंग. दख्खनमधील लोक याला काय म्हणतात, हे सुमारे दोनशे वर्षांपूर्वी एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने विचारून लिहून ठेवले. त्यांचे नाव विल्यम हेन्री साइक्स.

साइक्स यांचा जन्म २५ जानेवारी १७९० रोजी झाला. अगदी कोवळ्या वयात ते ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यात भरती झाले. १८१७ साली पेशव्यांचे राज्य ज्या खडकीच्या लढाईने डळमळले, त्या लढाईत ते कंपनीच्या बाजूने होते. तेव्हा हा माणूस काही आपल्या बाजूचा नव्हता, हे आधीच सांगितलेले बरे. तरी त्यांची पुढची कामगिरी वाचण्यासारखी आहे.

१८२४ मध्ये गव्हर्नर एल्फिन्स्टन यांनी त्यांना मुंबई सरकारचे सांख्यिकी अधिकारी नेमले. पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड या चार जिल्ह्यांतील शेती, लोकसंख्या, हवामान यांची माहिती गोळा करणे हे त्यांचे काम. बेळगाव त्या वेळी वेगळा जिल्हा नव्हता. १८३६ पर्यंत आपला मुलूख धारवाड जिल्ह्यातच मोडत होता. (निपाणी मात्र निपाणकर देसायांकडे होती.) सरकारी काम करता करता साइक्स पक्षी, प्राणी, मासे यांच्याही नोंदी करू लागले. १८२९ मध्ये खर्च कमी करण्यासाठी सरकारने त्यांचे पदच रद्द केले. पण त्यांनी हाती घेतलेले काम अर्धवट सोडले नाही. ते पुरे करूनच १८३१ साली ते मायदेशी निघाले.

आता नावांची गोष्ट. शास्त्रात प्रत्येक प्राण्याला दोन शब्दांचे नाव असते. पहिला शब्द प्रजातीचा, आपल्या आडनावासारखा. दुसरा त्या जातीचा स्वतःचा. साइक्स यांनी यातील दुसरा शब्द कित्येकदा इथल्या मातीतून उचलला. रातव्याच्या एका जातीला त्यांनी 'महरट्टेन्सिस', म्हणजे मराठ्यांच्या देशाचा, असे नाव दिले. एका छोट्या वटवट्याला 'रामा', तर चंडोलाला 'देवा'. माशांच्या बाबतीत तर त्यांनी कमालच केली. कोळी बांधवांच्या तोंडची नावे जवळजवळ तशीच उचलली. 'कोलस', 'नुक्ता', 'सांडखोल' हे शब्द त्यांच्यामुळे लॅटिन वेषात जगभरच्या ग्रंथांत गेले. जाळे टाकणाऱ्या माणसांची नावे कोणी टिपली नाहीत, पण त्यांचे शब्द तेवढे राहिले.

मात्र तसरच्या पतंगाच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. साइक्स यांनी इंग्लंडला परतल्यावर रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे या रेशीमकिड्यावर निबंध सादर केला आणि त्यात त्याचे दख्खनी नाव दिले. त्यांच्या रोमन अक्षरांवरून ते आपण 'कोलिसुरा' असे वाचतो. मराठे लोक या कोशाची चिवट वादी कापून तोड्याच्या बंदुकीची नळी दस्त्याला बांधतात, ती कातड्यापेक्षा जास्त टिकते, हेही त्यांनी नोंदवले. जो कोश आपल्याला रेशमासाठी ठाऊक, तो इथे बंदुकीच्या कामी येत होता!

पण शास्त्राचा नियम असा की आधी दिलेले नाव खरे. लिनियस यांनी १७५८ मध्ये एका तसर पतंगाला 'पाफिया' म्हटले होते, ते सायप्रस बेटावरील पाफोस या देवीच्या गावावरून. १७७३ मध्ये ड्रुरी यांनी 'मायलिटा' हे बॅबिलोनकडच्या देवीचे नाव दिले. १८१९ मध्ये ह्युब्नर यांनी 'अँथेरिया' ही प्रजाती स्थापली, त्यामुळे आज बहुतेक पुस्तकांत आपल्या पतंगाचे नाव अँथेरिया मायलिटा असे छापलेले असते, क्वचित पाफिया. दूरच्या दोन देव्यांच्या वादात कोलिसुरा मागे पडला. वेणुग्रामपासून २०१४ च्या बेळगावीपर्यंत नावांचे फेरे पाहिलेल्या आपल्या गावाला यात काही नवल वाटू नये.

साइक्स पुढे कंपनीचे संचालक, १८५६ मध्ये अध्यक्ष आणि नंतर ॲबर्डीनचे खासदार झाले. १६ जून १८७२ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. ज्या चंडोलाला त्यांनी 'देवा' म्हटले, त्याला इंग्रजी पुस्तकांत आता साइक्सचा चंडोल म्हणतात. आपल्या माळांवर तो अजून गातो. आणि तसरच्या कोशाला तुमच्या आजोळी कोणता शब्द आहे, तो आजी-आजोबांना विचारून शाळेच्या निसर्गवहीत जरूर लिहा.