नाव न विचारलेली आई

कपाळावर आठ्या, गालाशी टेकलेली बोटं, दोन्ही खांद्यांआड तोंड लपवलेली दोन मुलं आणि मांडीवर तान्हं बाळ. ‘मायग्रंट मदर’, म्हणजे स्थलांतरित आई, या नावानं गाजलेला हा फोटो अनेकींनी पाहिला असेल. तो काढला अमेरिकेच्या डोरोथिया लँग हिनं. तिच्याविषयी मला फार आदर आहे, पण हा फोटो पाहिला की एक प्रश्न मनात टोचत राहतो.

डोरोथियाचा जन्म १८९५चा. सातव्या वर्षी पोलिओ झाला आणि उजवा पाय कायमचा अधू झाला. ती बारा वर्षांची असताना वडील घर सोडून गेले. अशी मुलगी पुढे सॅन फ्रान्सिस्कोत स्वतःचा स्टुडिओ थाटते, श्रीमंतांचे फोटो काढून पोट भरते, हेच केवढं मोठं! मग १९२९ नंतर मंदी आली. स्टुडिओतून ती रस्त्यावर उतरली. १९३३ मध्ये फुकट अन्नासाठी रांगेत उभ्या बेकारांचा फोटो तिनं काढला. १९३५ पासून शेतमजुरांची हलाखी टिपण्याचं सरकारी काम तिला मिळालं.

मार्च १९३६. कॅलिफोर्नियातल्या निपोमो इथं वाटाण्याचं पीक थंडीनं गेलेलं, मजूर उपाशी. तिथं तंबूत बसलेल्या त्या आईचे तिनं काही फोटो काढले. वय विचारलं, बत्तीस. नाव मात्र विचारलंच नाही! फोटो पेपरात आला आणि सरकारनं वस्तीवर वीस हजार पौंड, म्हणजे जवळजवळ नऊ टन अन्न पाठवलं. तोवर ती आई मुलांना घेऊन पुढच्या गावी निघून गेली होती.

तिचं नाव फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्पसन. मूळची चेरोकी आदिवासी, सात मुलांची विधवा आई. जगाला हे नाव कळलं १९७८ मध्ये, डोरोथिया जाऊन तेरा वर्षं झाल्यावर! गरिबीचा शिक्का बसल्याचं दुःख फ्लोरेन्सला होतं. गाडीचे टायर विकून अन्न आणल्याचं डोरोथियानं लिहिलं होतं, तेही घरच्यांनी नाकारलं. फोटोचा एक पैसा तिला मिळाला नाही. तो सरकारी असल्यानं डोरोथियालाही रॉयल्टी नव्हती. १९८३ मध्ये फ्लोरेन्स आजारी पडली, तेव्हा मुलांच्या आवाहनावरून लोकांनी हजारो डॉलर पाठवले. सोबतची पत्रं वाचून मुलांच्या मनातली अढी थोडी सैल झाली. त्याच वर्षी ती गेली.

मग डोरोथियाचं चुकलं का? त्या फोटोनं भुकेल्यांच्या तोंडी घास गेला, हे खरंच. पण जिच्या चेहऱ्यामुळे गेला, तिला दोन शब्द विचारायला किती वेळ लागला असता? अमेरिकेत रस्त्यावर फोटो काढायला सहसा परवानगी लागत नाही. जाहिरातीत चेहरा वापरायचा तर मात्र लेखी संमती घेतात. माझ्या मते, मदतीच्या कामात तर ती आधी घ्यावी.

आमच्या बचत गटातल्या एका बाईचा फोटो असाच कुणीतरी पत्रकावर छापला होता. खाली ‘पीडित महिला’! ती महिनाभर बाजारात गेली नाही. तेव्हापासून आमच्याकडे नियमच झालाय: आधी नाव विचारायचं, फोटो कुठे छापणार ते सांगायचं, सही किंवा अंगठा घ्यायचा आणि छापलेला फोटो तिला नेऊन द्यायचा. ती नको म्हणाली, तर कॅमेरा पिशवीत.