उषा मेहता

उषा मेहता (जन्म : २५ मार्च १९२०; मृत्यू : ११ ऑगस्ट २०००) या भारतीय स्वातंत्र्यसैनिक, गांधीविचाराच्या अभ्यासक आणि राज्यशास्त्राच्या प्राध्यापिका होत्या. १९४२ च्या भारत छोडो आंदोलनात मुंबईतून चाललेल्या काँग्रेस रेडिओ या गुप्त नभोवाणी केंद्राच्या त्या प्रमुख संघटकांपैकी एक आणि त्याच्या परिचित निवेदिका होत. हे केंद्र जेमतेम तीन महिने चालले. राष्ट्रीय नेते तुरुंगात आणि वृत्तपत्रे निर्बंधांखाली असताना आंदोलनाच्या बातम्या श्रोत्यांपर्यंत थेट पोचविण्याचे काम त्याने केले.

== बालपण आणि शिक्षण ==

उषा मेहता यांचा जन्म गुजरातमधील सुरतजवळच्या सरस या गावी झाला. वडील हरिप्रसाद मेहता ब्रिटिश राजवटीत न्यायाधीश होते. लहानपणी त्यांनी महात्मा गांधींना अहमदाबादच्या आश्रमात पाहिले. पुढे गावाजवळ झालेल्या गांधीजींच्या शिबिरात त्या सहभागी झाल्या व सूतकताई शिकल्या. १९२८ मध्ये, वयाच्या आठव्या वर्षी, सायमन आयोगाच्या निषेधार्थ निघालेल्या मिरवणुकीत त्यांनी भाग घेतला. सरकारी नोकरीमुळे वडिलांना मुलीचा राजकीय सहभाग अडचणीचा वाटत असे. १९३० मध्ये ते निवृत्त झाल्यावर हा अडसर दूर झाला.

१९३२ मध्ये हे कुटुंब मुंबईस स्थायिक झाले. खेडा व भडोच येथे सुरू झालेले उषा मेहता यांचे शालेय शिक्षण मुंबईत चंदारामजी हायस्कुलात पूर्ण झाले. १९३५ मध्ये त्या मॅट्रिक झाल्या. विल्सन महाविद्यालयातून तत्त्वज्ञान विषय घेऊन १९३९ मध्ये त्यांनी पहिल्या वर्गात पदवी मिळविली आणि कायद्याचा अभ्यास सुरू केला. खादी वापरण्याचे व्रत त्यांनी तरुणपणीच घेतले आणि आयुष्यभर पाळले. त्या अविवाहित राहिल्या.

== ऑगस्ट १९४२ ची पार्श्वभूमी ==

८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर काँग्रेसने भारत छोडो ठराव संमत केला. दुसऱ्या दिवशी पहाटेच नेत्यांची धरपकड झाली. गांधीजींना पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये ठेवण्यात आले, तर कार्यकारिणीच्या सदस्यांना रेल्वेने अहमदनगरला नेऊन तेथील किल्ल्यात स्थानबद्ध करण्यात आले. मौलाना अबुल कलाम आझाद, जवाहरलाल नेहरू, वल्लभभाई पटेल, गोविंद वल्लभ पंत, आचार्य नरेंद्र देव, आचार्य कृपलानी, शंकरराव देव प्रभृतींचा त्यांत समावेश होता. त्यांना कोठे ठेवले आहे, हे सरकारने सुरुवातीस जाहीर केले नाही. नेत्यांचा जनतेशी असलेला संबंध अशा रीतीने तुटला. वृत्तपत्रांवर कडक निर्बंध होते आणि आकाशवाणी सरकारच्या हाती होती. त्यामुळे देशात काय घडत आहे याची विश्वसनीय माहिती मिळण्याचे मार्ग जवळजवळ बंद झाले.

नगरच्या किल्ल्यात नेते बंदिस्त असताना नगरचेच सुपुत्र अच्युतराव पटवर्धन (जन्म : ५ फेब्रुवारी १९०५, अहमदनगर) मात्र भूमिगत राहून आंदोलन चालवीत होते. काँग्रेस समाजवादी पक्षाच्या संस्थापकांपैकी एक असलेले पटवर्धन, राममनोहर लोहिया आणि पुरुषोत्तम त्रिकमदास हे पुढे काँग्रेस रेडिओचे मार्गदर्शक झाले.

== काँग्रेस रेडिओ ==

=== स्थापना ===

उषा मेहता यांनी कायद्याचे शिक्षण सोडून आंदोलनात उडी घेतली, तेव्हा त्यांचे वय बावीस वर्षांचे होते. १४ ऑगस्ट १९४२ रोजी त्यांनी काही सहकाऱ्यांसह गुप्त नभोवाणी केंद्राच्या उभारणीस प्रारंभ केला. विठ्ठलदास ऊर्फ बाबूभाई खाकर, विठ्ठलदास झवेरी आणि चंद्रकांत झवेरी हे त्यांचे निकटचे सहकारी होते. पैशाचा प्रश्न उभा राहिला, तेव्हा एका नातलग स्त्रीने आपले दागिने देऊ केले. परंतु ते न स्वीकारता बाबूभाईंनी निधीची सोय केली. प्रक्षेपक बांधण्याचे काम नरिमन प्रिंटर या तंत्रज्ञाने केले. काँग्रेसच्या सभांना ध्वनिक्षेपक पुरविणाऱ्या शिकागो रेडिओ या पेढीचे नानक मोटवाने यांनी साहित्य व तंत्रज्ञांची मदत केली.

दुसरे महायुद्ध सुरू होताच हौशी नभोवाणीचे परवाने सरकारने १९३९ मध्येच स्थगित केले होते. त्यामुळे प्रक्षेपक बाळगणे हाच गंभीर गुन्हा ठरत होता. मुंबईत असे प्रयत्न करणारे आणखीही गट होते. लोहियांनी त्यांच्यात समन्वय घडवून आणला.

२७ ऑगस्ट १९४२ रोजी पहिले प्रसारण झाले. ४२.३४ मीटर तरंगलांबीवर, भारतातील एका अज्ञात ठिकाणाहून, काँग्रेस रेडिओ बोलत असल्याची घोषणा उषा मेहता यांनी केली. पुढे हीच घोषणा या केंद्राची ओळख बनली.

=== कार्यक्रम ===

प्रसारणाचा आरंभ 'हिंदुस्ताँ हमारा' या गीताने आणि शेवट 'वंदे मातरम्'ने होत असे. कार्यक्रम हिंदुस्थानी व इंग्रजी भाषांत असत. बातम्या, आंदोलकांना सूचना आणि नेत्यांची भाषणे असे त्यांचे स्वरूप होते. निरनिराळ्या प्रांतांतून निरोपे बातम्या घेऊन येत. चितगावावरील बॉम्बहल्ला, जमशेदपूरचा संप, तसेच विदर्भातील आष्टी व चिमूर येथील उठाव आणि त्यानंतर लोकांवर झालेले अत्याचार यांचे वृत्त या केंद्राने प्रसृत केले. वृत्तपत्रांना छापणे शक्य नसलेला हा मजकूर असल्याने त्याचे महत्त्व मोठे होते.

हा संपर्क एकमार्गी होता. पलीकडे कोणी ऐकत आहे की नाही, हे निवेदकाला त्या क्षणी कळण्याचा मार्ग नव्हता. पोलिसांची नोंद-यंत्रणा मात्र ही प्रसारणे नियमित ऐकून टिपून ठेवीत होती. केंद्र बंद पाडण्यासाठी केलेल्या या नोंदींमुळेच प्रसारणांचा बराचसा मजकूर आज अभ्यासकांना उपलब्ध झाला आहे.

=== तांत्रिक बाजू ===

४२.३४ मीटर तरंगलांबी म्हणजे सुमारे ७.०८ मेगाहर्ट्झ वारंवारता होय. ही लघुलहरींच्या पट्ट्यात मोडते. या लहरी वातावरणाच्या वरच्या भागातील आयनांबरावरून परावर्तित होत असल्याने माफक शक्तीच्या प्रक्षेपकाचा आवाजही शेकडो किलोमीटर जाऊ शकतो. मात्र या तरंगलांबीसाठी नेहमीच्या प्रकारचा अर्धतरंग आकाशक, म्हणजे अँटेना, सुमारे २० मीटर लांब लागतो. दाट वस्तीच्या शहरात तो नजरेस न येऊ देणे कठीण असते. शिवाय दिशाशोधक यंत्रांनी प्रक्षेपणाचा उगम शोधून काढता येतो. पोलिसांच्या शोधगाड्यांना चुकविण्यासाठी काँग्रेस रेडिओची जागा वारंवार बदलावी लागली. चौपाटीवरील सी व्ह्यू, वाळकेश्वर मार्गावरील रतन महाल, लॅबर्नम मार्गावरील अजित व्हिला, सँडहर्स्ट मार्गावरील लक्ष्मी भवन आणि गिरगावातील पारेख वाडी ही त्यांपैकी काही ठिकाणे होत.

ध्वनिमुद्रणाची जागा आणि प्रक्षेपणाची जागा वेगवेगळ्या ठेवणे, हे या केंद्राच्या रचनेचे महत्त्वाचे वैशिष्ट्य होते. भाषणे एका ठिकाणी तबकड्यांवर मुद्रित होत आणि त्या तबकड्या दुसऱ्या ठिकाणी नेऊन वाजविल्या जात. एका जागेचा सुगावा लागला तरी वक्ते हाती लागू नयेत, यासाठी ही योजना उपयुक्त होती.

तांत्रिक दृष्ट्याही अशा विभागणीचे लाभ आहेत. मायक्रोफोन प्रक्षेपकाच्या शेजारी ठेवल्यास त्याच्या तारेत रेडिओ लहरी शिरतात आणि आवाज फाटतो किंवा घूं-घूं ऐकू येते. म्हणून मायक्रोफोनची तार जाळीदार धातूच्या आवरणाची असावी लागते. ते आवरण भूमीशी जोडतात आणि तार रोहित्रापासून दूर ठेवतात. त्या काळी प्रचलित असलेल्या कार्बन मायक्रोफोनमध्ये पातळ पडद्यामागे कार्बनचे कण भरलेले असत. ओल धरल्यास किंवा धक्का बसल्यास हे कण एकमेकांना चिकटून आवाज मंद व खरखरीत होई. असे झाल्यास विद्युतप्रवाह बंद करून मायक्रोफोन हलकेच हलवीत, म्हणजे कण मोकळे होत. वापर संपल्यावर तो झाकून कोरड्या जागी ठेवावा लागे. मुंबईच्या पावसाळी हवेत तर ही दक्षता अधिकच आवश्यक होती.

टेबलावर ठेवायच्या मायक्रोफोनखाली जाड कापडाची घडी घातल्यास टेबलाचा कंप व कागदांची सळसळ त्यात उतरत नाही. बोलणाऱ्याचे तोंड त्यापासून साधारण वीतभर दूर आणि किंचित तिरपे असल्यास श्वासाचा फुत्कार टळतो. अंतर आणि स्वर यांत सातत्य राखावे लागते, कारण लघुलहरींवर आवाज आधीच वरखाली होत असतो. पोलीस, नौका व हौशी नभोवाणी यांच्या द्विमार्गी रेडिओवर बोलणाऱ्यांनाही असे सातत्य राखावे लागते. गुप्त केंद्राच्या बाबतीत आणखी एका गोष्टीचे भान आवश्यक ठरते. ट्रामची घंटा किंवा फेरीवाल्याची हाळी मायक्रोफोनने टिपल्यास तेवढ्यानेही ठिकाणाचा माग लागू शकतो.

=== अटक ===

नोव्हेंबर १९४२ मध्ये नरिमन प्रिंटर पोलिसांच्या हाती लागले व त्यांच्याकडून केंद्राची माहिती मिळाली. १२ नोव्हेंबर रोजी बाबूभाई खाकर यांच्या कार्यालयावर छापा पडला. धोका समोर दिसत असतानाही उषा मेहता यांनी ध्वनिमुद्रणाच्या जागी जाऊन सहकाऱ्यांना सावध केले आणि ठरलेले प्रसारण करण्यासाठी त्या पारेख वाडीत गेल्या. चंद्रकांत झवेरी त्यांच्यासोबत होते. कार्यक्रम संपत येऊन 'वंदे मातरम्'ची तबकडी लागलेली असताना पोलीस दार फोडून आत शिरले. तबकडी थांबविण्याचा त्यांचा हुकूम उषा मेहता यांनी मानला नाही. त्यानंतर दोघांना अटक झाली.

== खटला आणि कारावास ==

अटकेनंतर सुमारे सहा महिने उषा मेहता यांची चौकशी चालली. त्यांना एकांतवासात ठेवण्यात आले. सहकाऱ्यांची नावे सांगितल्यास परदेशी शिक्षणाची सोय करण्याचे आमिषही दाखविण्यात आले. चौकशीत त्यांनी एकाही प्रश्नाचे उत्तर दिले नाही. पटवर्धन व लोहिया तेव्हा भूमिगत होते, त्यामुळे या मौनाला विशेष महत्त्व होते. लोहियांना १९४४ मध्ये अटक झाली. पटवर्धन मात्र अखेरपर्यंत पोलिसांच्या हाती लागले नाहीत. पुढे सातारा भागातील प्रतिसरकारच्या चळवळीतही त्यांनी महत्त्वाची भूमिका बजावली.

विशेष न्यायालयात पाच आरोपींवर खटला चालला. प्रिंटर हे माफीचे साक्षीदार झाले. १९४३ मध्ये लागलेल्या निकालानुसार बाबूभाई खाकर यांना पाच, उषा मेहता यांना चार आणि चंद्रकांत झवेरी यांना एक वर्षाची शिक्षा झाली. विठ्ठलदास झवेरी व नानक मोटवाने निर्दोष सुटले. उषा मेहता यांना पुण्याच्या येरवडा तुरुंगात ठेवण्यात आले. तेथे प्रकृती ढासळल्याने उपचारांसाठी त्यांना मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात हलवावे लागले. १९४६ मध्ये त्यांची सुटका झाली.

== स्वातंत्र्योत्तर कार्य ==

तुरुंगवासाचा परिणाम त्यांच्या प्रकृतीवर दीर्घकाळ राहिला. १५ ऑगस्ट १९४७ रोजी त्या अंथरुणाला खिळलेल्या होत्या आणि दिल्लीतील सोहळ्यास जाऊ शकल्या नाहीत. सक्रिय राजकारणातही त्या पुढे उतरल्या नाहीत. खंडित झालेले शिक्षण पुन्हा सुरू करून गांधीजींच्या राजकीय व सामाजिक विचारांवरील प्रबंधासाठी त्यांनी मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. विल्सन महाविद्यालयात त्यांनी सुमारे तीस वर्षे अध्यापन केले. मुंबई विद्यापीठाच्या नागरिकशास्त्र व राज्यशास्त्र विभागाच्या प्रमुख म्हणूनही त्यांनी काम पाहिले आणि १९८० मध्ये त्या निवृत्त झाल्या.

गांधी स्मारक निधी आणि मुंबईतील मणिभवन गांधी संग्रहालय या संस्थांची धुरा त्यांनी दीर्घकाळ वाहिली. उत्तरायुष्यात सार्वजनिक जीवनातील भ्रष्टाचार आणि साधनशुचितेचा ऱ्हास याविषयी त्यांनी उघडपणे खंत व्यक्त केली. १९९८ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मविभूषण या सन्मानाने गौरविले.

== निधन आणि स्मृती ==

ऑगस्ट २००० मध्ये अंगात ताप असूनही उषा मेहता ऑगस्ट क्रांती मैदानावरील, म्हणजेच पूर्वीच्या गवालिया टँक मैदानावरील, वार्षिक कार्यक्रमात सहभागी झाल्या. त्यानंतर दोनच दिवसांनी, ११ ऑगस्ट रोजी, वयाच्या ८० व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

काँग्रेस रेडिओच्या प्रसारणांच्या पोलिसी नोंदींवर आधारलेला उषा ठक्कर यांचा इंग्रजी ग्रंथ २०२१ मध्ये प्रकाशित झाला. २०२४ मध्ये आलेल्या 'ऐ वतन मेरे वतन' या हिंदी चित्रपटात सारा अली खान यांनी उषा मेहता यांची भूमिका केली आहे. कार्यकारिणीचे सदस्य ज्या किल्ल्यात स्थानबद्ध होते, तो अहमदनगरचा (आताचे अहिल्यानगर) किल्ला आजही उभा असून तेथील नेत्यांच्या खोल्या स्मारक म्हणून जतन केल्या आहेत.